तीनचाकी मोटारसायकलचा कल आणि ओढ

दोन चाकांच्या मोटारसायकलचें मागील चाक काढून त्या जागीं एका आंसावर दोन चाकें बसविलीं, म्हणजे ती गाडी कोणाच्या आधारावांचून उभी राहूं लागते. ही गोष्ट सर्वांच्या ध्यानांत येते. परंतु उभी राहण्याबरोबरच तिचा सारा स्वभाव पालटतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येते. आणि पुढें जे घोटाळे होतात ते बहुतेक याच अनवधानांतून होतात.

तीन चाकांची मोटार ही कांहीं नवी वस्तु नाहीं. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं जर्मनींत जिचें पेटंट घेतलें ती मोटार तीनचाकीच होती. पुढील दोन चाकें एकदम वळविण्याची समाधानकारक युक्ति त्या वेळीं त्याच्या हातीं लागली नव्हती. अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसन कारखान्याची ‘सर्व्हि-कार’ १९३२ पासून १९७३ पर्यंत निघत होती. गॅरेजवाले आणि पोलीस ती वापरीत. १९४८ सालीं इटलींत निघालेली ‘आपे’ ही मालवाहू गाडी आणि महाराष्ट्रांतील शहरोशहरीं धांवणारी रिक्षा ह्या त्याच कुळांतल्या बहिणी: पुढें एक चाक, मागें दोन. आणि ज्याच्या पायांत दोनचाकी सांवरण्याचें बळ उरलेलें नाहीं, त्याला तर अशी मोटारसायकल म्हणजे दुसरे पायच होत.

अशा माणसाची गाडी एका बाजूला कलूं लागली, किंवा हात सैल होतांच रस्त्याच्या कडेकडे ओढूं लागली, तर ती नुसती गैरसोय राहत नाहीं. तासभर हँडल एका बाजूला दाबून धरावें लागल्यानें खांदे भरून येतात, मन थकतें, आणि ऐन प्रसंगीं ब्रेक दाबतांच गाडी भलत्याच दिशेला जाते. म्हणून या दोषाचें निदान कसें करावें, हें सांगण्यासारखें आहे.

अशा वेळीं सामान्यतः काय केलें जातें? गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूच्या टायरांत चार फुंकरा अधिक हवा भरली जाते; किंवा त्या बाजूची स्प्रिंग आवळली जाते; किंवा पेटींतलें सामान दुसऱ्या बाजूला सरकविलें जातें. गाडी तात्पुरती सरळ दिसते आणि मालक समाधानानें घरीं जातो. परंतु हा उपाय म्हणजे तराजूचा पासंग होय. दांडीचे दोन हात सारखे नसले तरी हलक्या पारड्याला खडा बांधून रिकामा तराजू समतोल दाखवितां येतो. पारड्यांत माल पडला कीं खोटेपणा पुन्हां उघडा होतो. गाडीच्या पासंगाचेंहि तसेंच आहे. एका वजनाला आणि एका वेगाला तो पुरतो. मागें दुसरा माणूस बसला, रस्ता ओला झाला किंवा ब्रेक जोरानें दाबला, म्हणजे मूळचा दोष आणि वरून बांधलेला खडा असे दोन शत्रु एकदम उभे राहतात. एका दोषानें दुसरा दोष झांकूं नये, हें या विषयांतलें पहिलें सूत्र आहे.

दुसरें सूत्र असें कीं, कलणें आणि ओढणें ह्या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. उभी गाडी एका अंगावर खचलेली दिसते तें कलणें. चालती गाडी सरळ न जातां एका दिशेस जाऊं पाहते तें ओढणें. पुष्कळदां दोन्ही एकाच वेळीं आढळतात, म्हणून लोक दोहोंचें कारण एकच समजतात. पण गाडी कलत असूनहि सरळ धांवूं शकते, आणि पाणसळीला अगदीं सरळ असूनहि एका बाजूला ओढूं शकते. तेव्हां तक्रार मांडतांना प्रथम प्रश्न विचारावे: गाडी उभी असतां कलते कीं चालतांना? ओढते ती नेहमीं, कीं वेग वाढवितांना, कीं ब्रेक दाबतांना? एकट्या माणसाला ओढते, कीं ओझें घातल्यावर? या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढलीं तर निम्में निदान पान्याला हात लावण्यापूर्वींच झालेलें असतें.

आतां कारणांचा क्रमानें विचार करावयाचा. आरंभ गाडीपासून न करतां रस्त्यापासून करावा. पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून रस्त्याची पाठ मध्यें किंचित् उंच व दोन्ही कडांकडे उतरती ठेवलेली असते. डांबरी रस्त्याला हा उतार बहुधा पन्नासांत एक ते चाळीसांत एक इतका असतो. दोनचाकीला त्याची दादच नसते. रस्ता तिरपा असला तरी ती ओळंब्याप्रमाणें उभीच धांवते. तीनचाकी मात्र रस्त्याला चिकटून असते. रस्ता कलला कीं तीहि कलते. मागील दोन चाकांमध्यें १२० सेंटिमीटर अंतर असेल, तर चाळीसांत एक उतारावर डावें चाक उजव्यापेक्षां ३ सेंटिमीटर खालीं जातें, आणि ८० सेंटिमीटर उंचीवरील बैठक २ सेंटिमीटर डावीकडे सरकते. भारतांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात, म्हणून येथील तीनचाकी डावीकडे कलते आणि डावीकडेच उतरूं पाहते. अमेरिकेंत वाहनें उजव्या बाजूनें चालतात, म्हणून तेथें हीच तक्रार उजवीकडची असते. दोनचाकीवर वर्षानुवर्षें बसलेल्या माणसाला हा अनुभव अगदीं नवा असल्यामुळें, नवी गाडी बिघडलेलीच आहे, असा त्याचा ग्रह होतो.

याची कसोटी सोपी आहे. एकादें मोकळें, फरसबंदीचें व शक्य तितकें सपाट मैदान शोधावें. तेथें गाडी हळू वेगानें, हँडल अगदीं हलक्या बोटांनीं धरून, एका दिशेनें न्यावी आणि मग त्याच रेषेवरून उलट दिशेनें आणावी. जातांना ती पूर्वेकडे ओढली आणि येतांनाहि पूर्वेकडेच ओढली, तर जमिनीचा उतार त्या बाजूला आहे. गाडी निर्दोष असण्याचा संभव मोठा. परंतु जातांना व येतांना ती स्वतःच्या डाव्या हाताकडेच ओढली, तर दोष गाडीचा आहे. ही परीक्षा वाहत्या रस्त्यावर चुकीच्या बाजूनें गाडी नेऊन कधींहि करूं नये.

जमिनीनंतर चालविणाऱ्याचा विचार. दोनचाकी वेगांत असतां डावीकडे वळावयाचें तर चालविणारा नकळत डावें हँडल पुढें ढकलतो. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. तीनचाकीचें हँडल तसें ढकललें तर ती सरळ उजवीकडे जाते, कारण झुकण्याची तिला सोयच नाहीं. जुन्या संवयीचा हात आणि नव्या गाडीचा स्वभाव यांच्या झटापटीला पुष्कळदां ‘ओढ’ हें नांव मिळतें. शिवाय उतरत्या रस्त्यावर शरीर कललें कीं माणूस आपला तोल सांवरण्यासाठीं हँडलाचाच आधार घेतो, आणि तेवढ्यानें चाक वळतें. म्हणून शक्य असल्यास दुसऱ्या एका जाणत्या चालकाच्या हातीं गाडी देऊन पाहावी. त्याचाहि अनुभव तोच आला तर पुढें जावें.

तिसरा क्रम टायरांचा. स्वस्तांत स्वस्त आणि वारंवार आढळणारें कारण येथेंच असतें. गाडी थंड असतां तीन्ही टायरांतील हवा मापानें पाहावी. अंगठ्यानें दाबून पाहणें हें माप नव्हे. मागील दोन टायरांत हवा समसमान असली पाहिजे. ज्या टायरांत हवा कमी त्या बाजूला गाडी कलते. आणि तो टायर जमिनीवर अधिक पसरून अधिक घर्षण घेतो, म्हणून गाडी त्याच बाजूला ओढतेहि. हवा आज भरली आणि आठवड्यानें त्याच टायरांत पुन्हां कमी झाली, तर दोष स्प्रिंगेंत नसून बारीक पंक्चरांत किंवा वॉल्व्हांत आहे.

हवेनंतर घेर. दोन टायरांवर आंकडे सारखे छापलेले असले तरी एक नवा व एक झिजका असल्यास त्यांचे घेर सारखे नसतात. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून, गाडी वजनासह एक पुरा फेरा पुढें ढकलावी आणि प्रत्येक चाकानें किती अंतर कापलें तें मोजावें. मागील दोन्ही चाकें एकाच अखंड आंसाला घट्ट बांधलेलीं असतील, म्हणजे मध्यें डिफरन्शिअल नसेल, तर हा फरक फारच महत्त्वाचा होतो. दोन मीटर घेरांत १ सेंटिमीटरचा फरक आणि चाकांतील अंतर १२० सेंटिमीटर असें धरलें, तर गाडी तत्त्वतः सुमारें २४० मीटर त्रिज्येचें वर्तुळ काढूं पाहते, आणि तें वर्तुळ लहान चाकाच्या बाजूला असतें. प्रत्यक्षांत टायर थोडे घसरतात व ओढ सौम्य होते, पण नाहींशी होत नाहीं. डिफरन्शिअल असलेल्या गाडींत दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीनें फिरतां येतें, म्हणून तेथें घेराचा परिणाम मुख्यतः कलण्यापुरताच राहतो.

टायर बाहेरून निर्दोष दिसूनहि आंतील पट्टे किंचित् एका बाजूला सरकलेले असूं शकतात. असा टायर शंकूसारखा चालतो. तो ओळखण्याची रीत म्हणजे अदलाबदल. चाकें एकमेकांच्या जागीं बसण्याजोगीं असतील तर डावें चाक उजवीकडे व उजवें डावीकडे लावावें. ओढ उलट दिशेला गेली तर अपराधी टायर होय. ओढ होती तेथेंच राहिली तर टायर सुटला. अदलाबदलीची ही रीत पुढें स्प्रिंगेलाहि उपयोगी पडते.

चौथा क्रम अडणाऱ्या चाकाचा. ब्रेक न दाबतां मैल-दोन मैल गाडी चालवून थांबावें आणि मागील दोन्ही ब्रेकांच्या ड्रमजवळ हाताची पाठ न्यावी. स्पर्श करूं नये, कारण तापलेला ड्रम हात भाजतो. एक ड्रम थंड व दुसरा गरम लागला तर गरम चाक अडत आहे: ब्रेकचे बूट घांसत असतील, तार अडकली असेल, तेलदाबाचा ब्रेक असल्यास त्याचा दट्ट्या परत सरकत नसेल, किंवा बेअरिंग खराब झालें असेल. ज्या बाजूचें चाक अडतें त्या बाजूला गाडी ओढते. याच्या उलट, गाडी एरवीं सरळ जाते पण ब्रेक दाबला कीं डावीकडे फिरते, असें असल्यास लोक डावा ब्रेक सैल करतात. ही मोठी घातक चूक आहे. पुष्कळदां डावा ब्रेक आपलें काम नीट करीत असतो आणि उजवाच मेलेला असतो; आंसाच्या टोंकाकडून झिरपलेलें तेल त्याच्या बुटावर पसरलेलें असतें. चांगल्या ब्रेकला वाईट ब्रेकच्या पंक्तीला बसविणें हा पासंगाचा सर्वांत वाईट प्रकार होय.

आतां कलण्याकडे वळावयाचें. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. फरशी सपाट आहे कीं नाहीं तें गवंड्याच्या पाणसळीनें आधीं पाहावें. नेहमींचा चालक बैठकीच्या मध्यावर बसवावा, गाडी दोन-तीनदां दाबून सोडावी म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागीं येतील, आणि मग मापाची फीत घ्यावी. मागील आंस अखंड असल्यास दोन मापें पुरतात: जमिनीपासून आंसाच्या दोन्ही टोंकांची उंची, आणि जमिनीपासून सांगाड्यावरील डाव्या-उजव्या सारख्या बिंदूंची उंची. आंसच तिरपा असेल तर दोष त्याच्या खालीं, म्हणजे टायरांत आहे. आंस सरळ आणि सांगाडा तिरपा असेल तर दोष त्याच्या वर आहे: स्प्रिंग, ओझें किंवा स्वतः सांगाडा. रिक्षेप्रमाणें प्रत्येक चाकाला स्वतंत्र भुजा असल्यास भुजेच्या सांध्यांतील रबर किंवा बुश झिजला आहे काय, तेंहि येथें पाहावें.

ओझें पाहतांना पेट्रोलची टांकी, बॅटरी, सामानाची पेटी हीं सर्व मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला आहेत याचा हिशेब करावा. वीस किलो वजनाची पेटी एका कडेला बांधलेली असेल, तर स्प्रिंगेला दोष देणें अन्यायाचें आहे. ओझें समान असूनहि कल राहिला तर स्प्रिंगांची अदलाबदल करावी. कल बाजू बदलतो तर एक स्प्रिंग थकली आहे. जोडीनेंच नव्या घालाव्या. कल तेथेंच राहतो तर सांगाड्याकडे संशयानें पाहावें. दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी अँटीरोल सळई असेल तर तिचा एक सांधा सोडून पुन्हां माप घ्यावें. त्या सळईच्या दोन दुव्यांची लांबी सारखी नसल्यास ती गाडीला कायमची पिळून ठेवते. मात्र सांधा सुटलेला असतां गाडी रस्त्यावर नेऊं नये.

यापुढील कारण डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून सर्वांत अधिक वेळां तेंच निसटतें. तें म्हणजे आंसाचा तिरकसपणा. मागील आंस गाडीच्या मध्यरेषेशीं कांटकोनांत असला पाहिजे. साखळीनें चालणाऱ्या गाडींत साखळी ताणण्याचे डावे-उजवे स्क्रू कमीजास्त फिरविले गेले, कीं आंसाचें एक टोंक पुढें व दुसरें मागें राहतें. अशा गाडीचीं मागील चाकें एका दिशेला आणि नाक दुसऱ्या दिशेला जाऊं पाहतें. ज्या बाजूचें टोंक पुढें सरकलेलें असेल त्या बाजूला गाडी ओढते, आणि तिला सरळ नेण्यासाठीं हँडल सतत विरुद्ध बाजूला किंचित् वळवून धरावें लागतें.

हें मोजण्यास यंत्र लागत नाहीं. ओळंबा, सुतळी, खडू व मोठा गुण्या पुरे. हँडल सरळ धरून पुढील चाकाच्या मध्यावरून, तसेंच आंसाच्या दोन्ही टोंकांवरून ओळंबे सोडावे व फरशीवर खुणा कराव्या. गाडी बाजूला सारली म्हणजे फरशीवर एक त्रिकोण उरतो. त्याच्या दोन लांब भुजा समान असल्या पाहिजेत. म्हणजे शाळेंतल्या भूमितींतला समद्विभुज त्रिकोणच हा. भुजा समान नसल्यास दोन शक्यता राहतात: आंस तिरकस आहे, किंवा तो सबंधच एका बाजूला सरकला आहे. त्यांचा निवाडा करण्यासाठीं गाडी हलविण्यापूर्वींच पुढील चाकाच्या अंगच्या रेषेंत सुतळी मागेंपर्यंत ताणून खूण केलेली असावी. ही रेषा आंसाच्या रेषेला कांटकोनांत न मिळाल्यास आंस तिरकस. कांटकोनांत पण मध्यबिंदूपासून दूर मिळाल्यास तो सरकलेला. एका गुण्यानें असा जो निकाल लागतो तो महिनाभर स्प्रिंगा बदलूनहि लागत नाहीं.

मागचा भाग निर्दोष ठरला तर पुढें यावें. पुढचें चाक जमिनीवरून उचलून, गाडीला भक्कम लांकडी ठोकळ्यांचा आधार देऊन, हँडल मध्यावर धरावें व सोडावें. तें डावीकडे व उजवीकडे सारख्याच सहजतेनें पडलें पाहिजे. एका बाजूला अडखळलें तर एकादी तार किंवा नळी ताणलेली आहे. मध्यावर खांचेंत बसल्यासारखें अडकलें तर मानेच्या बेअरिंगांत खड्डे पडले आहेत. नंतर गाडी पुन्हां फरशीवर घेऊन पुढील चाकाच्या अंगाला ओळंबा लावावा. मागचा आंस पाणसळींत असतां पुढचें चाक तिरपें उभें असेल, तर चिमटा वांकला आहे, किंवा दोनचाकीची तीनचाकी करतांना मागील भाग पिळून जोडला गेला आहे. निमुळता पेला जमिनीवर लोटला असतां सरळ न जातां वर्तुळांत फिरतो. तिरपें चाकहि त्याच न्यायानें ज्या बाजूला झुकलें असेल त्या बाजूला वळूं पाहतें. मात्र गाडी हात न लावतां सरळ जात असून केवळ हँडल वांकडें दिसत असेल, तर ती ओढ नव्हे. चिमट्यावर हँडल वांकडें बसलें आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटीं इंजिनाच्या जोराचा विचार. कांहीं तीनचाक्यांत मागील एकाच चाकाला इंजिनाचा जोर मिळतो. तो उजव्या चाकाला मिळत असेल, तर वेग वाढवितांना गाडी डावीकडे वळूं पाहते, आणि इंजिन आंवरलें कीं उजवीकडे. हा तिच्या रचनेचा धर्म आहे, बिघाड नव्हे. बाजूला साइडकार जोडलेल्या मोटारसायकलचेंहि तसेंच: वेग घेतांना ती साइडकारकडे ओढते, आणि ती ओढ कमी व्हावी म्हणून साइडकारचें चाक मुद्दाम किंचित् आंत वळवून व मोटारसायकल किंचित् बाहेर झुकवून बसवितात. परंतु जिचीं मागील दोन्ही चाकें समान अंतरावर असून दोहोंना सारखा जोर मिळतो, अशा गाडीला ही मुभा नाहीं. तिची ओढ नेहमींच कसल्यातरी असमानतेची खूण असते.

या सर्व क्रमाचें महत्त्व एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, साखळीनें चालणारी एक तीनचाकी डावीकडे कलते व डावीकडेच ओढते. मिस्त्री डावी स्प्रिंग आवळतो. कल जातो, ओढ राहते. चार दिवसांनीं दुसरा कोणी दोन्ही टायरांत नियमाप्रमाणें हवा भरतो, आणि गाडी आतां उजवीकडे कलूं लागते! मालकाला वाटतें, गाडीला भुताटकी झाली. वस्तुतः डाव्या टायरांत हवा कमी होती, म्हणून ती डावीकडे कलत होती; स्प्रिंग निर्दोष होती. आवळलेल्या स्प्रिंगेनें तो दोष झांकला, आणि हवा भरतांच ती स्प्रिंगच दोष झाली. आणि ओढ? ती कमी हवेमुळें वाढली होती खरी, पण मूळचा दोष साखळी ताणतांना पुढें राहिलेल्या आंसाच्या डाव्या टोंकाचा होता. दोन तक्रारी, दोन कारणें, आणि एक अनावश्यक उपाय. प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलून पुन्हां मैदानावर परीक्षा घेतली असती, आणि काय बदललें तें टिपून ठेवलें असतें, तर हें कोडें एका दुपारीं सुटलें असतें.

ऐकणाऱ्याच्या मनांत अशी शंका येईल कीं, दोन सेंटिमीटरच्या कलासाठीं एवढा खटाटोप कशाला? याचें उत्तर त्रिकोणांतच आहे. पुढें एक चाक असलेली गाडी उलटते ती पुढील चाक व बाहेरील मागील चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून. मागील दोन चाकांत १२० सेंटिमीटर अंतर असून गाडीचा गुरुत्वमध्य पुढील चाकापासून दोन-तृतीयांश अंतरावर असेल, तर तो त्या रेषेपासून बाजूच्या दिशेनें मोजतां ६० नव्हे, फक्त ४० सेंटिमीटर आंत असतो. कलामुळें तो दोन सेंटिमीटर सरकला कीं त्या बाजूची सुरक्षिततेची पुंजी एक-विसांशानें घटते. वळणावर ब्रेक दाबला म्हणजे वजनाचा रेटा पुढें, त्रिकोणाच्या निमुळत्या टोंकाकडे जातो, आणि ती पुंजी आणखी आटते. ओबडधोबड जमिनीवर चालणाऱ्या हलक्या तीनचाकी गाड्यांच्या अपघातांनंतर अमेरिकेंत १९८८ सालीं सरकार व कारखानदार यांच्यांतील न्यायालयीन तडजोडीनें त्यांची नवी विक्रीच बंद झाली. तीन चाकें उभी राहतात म्हणून पडत नाहींत, हा समज किती महाग पडतो, याचें तें उदाहरण आहे.

येथवरची तपासणी सामान्य मालकाला शांतपणें करण्यासारखी आहे. परंतु जोडाला तडा दिसला, आंस किंवा चिमटा वांकलेला आढळला, किंवा सांगाडा पिळलेला ठरला, तर गाडी त्याच क्षणीं उभी करावी. रस्त्याच्या कडेला ठोकून किंवा डाग देऊन सरळ करण्याचें हें काम नव्हे. भारतांत मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास बंधन आहे. तें केवळ कागदी नाहीं, त्याच्या मुळाशीं हाच अनुभव आहे.

आधीं जमीन, मग चालविणारा, मग हवा व टायर, मग ब्रेक, मग स्प्रिंग, मग आंस, आणि शेवटीं चिमटा व सांगाडा, असा हा क्रम आहे. तो सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे जातो. बहुतेक गाड्या पहिल्या तीन-चार पायऱ्यांवरच सुधारतात. ज्या सुधारत नाहींत त्यांच्याविषयीं निदान एवढें कळून चुकतें कीं दोष कोठें नाहीं. आणि जाणता कारागीर अशा ज्ञानालाच अर्धी दुरुस्ती मानतो. गाडी स्वतः खोटें बोलत नाहीं. तिला बांधलेला खडा सोडला आणि शांतपणें विचारलें, म्हणजे कोणत्या बाजूला तिचें दुखणें आहे हें ती आपण होऊन दाखविते.